आवडलेले पुस्तक दुसऱ्याला कसे सांगावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसे जमतात आणि ज्याला जे पुस्तक मनापासून आवडले, त्याविषयी तो बोलतो. सर्वांत धाकटा श्रोता सहा वर्षांचा आहे आणि सर्वांत ज्येष्ठ आजींनी ऐंशी ओलांडली आहे. बैठकीच्या आधी आणि नंतर, चिठ्ठ्यांतून, निरोपांतून आणि दारात चपला घालताना जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? सगळी गोष्ट सांगायची का?

सगळी गोष्ट सांगू नये. पुस्तकातली एक जागा सांगावी आणि ती नीट, सावकाश सांगावी. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'विषयी (१९५५) बोलताना 'माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि पुढे दुष्काळ पडतो' एवढे सांगितले, तर ते खरे असते, पण ते ऐकून कोणी उठून कपाटापाशी जात नाही. तेच, मास्तरांच्या ध्यासापायी वाडीने आपल्या हातांनी तालीम कशी उभी केली, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजे कसे आले आणि ज्या वाडीने तो दिवस साजरा केला, तीच वाडी पुढे पाण्यावाचून कशी रिकामी होत गेली, हे सांगितले की ऐकणारा विचारतो, 'मग मास्तरांचं काय झालं?' हा प्रश्न आला की आपण थांबावे आणि पुस्तक त्याच्या हातात द्यावे.

'श्यामची आई'चेही तसेच आहे. सानेगुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक 'मातृप्रेमाची गाथा' म्हणून सांगितले की ऐकणाऱ्या मुलांचे लक्ष खिडकीबाहेर जाते. त्याऐवजी, आंघोळ झालेला श्याम ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून हटून बसला आहे, आई आपल्या लुगड्याचा ओचा धोंडीवर पसरते, तो त्यावर पाय टिपतो आणि मग ती त्याला सांगते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसा मनालाही घाण लागू नये म्हणून जप. एवढाच प्रसंग आमच्या ओसरीवर एका चौथीतल्या मुलीने सांगितला, तेव्हा ती बोलताना नकळत स्वतःच्या फ्रॉकचा घेर जमिनीवर पसरत होती. त्या दिवशी वाचनालयातल्या 'श्यामची आई'च्या तिन्ही प्रती बाहेर गेल्या.

२. किती वेळ बोलावं?

पाच मिनिटे. लहान मुलांसमोर तीन.

३. 'खूप छान आहे, नक्की वाचा' यापलीकडे मला काही सुचतच नाही. काय करू?

ही अडचण बोलताना जाणवत असली, तरी ती वाचताना निर्माण झालेली असते. पुस्तक वाचून संपल्यावर आठवायला बसलो, तर हाती फक्त एकूण परिणाम लागतो आणि त्याला 'छान' याखेरीज शब्द नसतो. म्हणून वाचतानाच पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवावी आणि जेथे आपण थांबलो, परत मागे जाऊन ओळ वाचली, हसलो किंवा कोणाला तरी हाक मारून 'हे ऐक' म्हणालो, त्या पानाचा क्रमांक तिच्यावर टिपावा. पूर्ण पुस्तकासाठी चार-पाच क्रमांक पुरतात. बोलायच्या आदल्या दिवशी तीच पाने पुन्हा उघडावीत आणि त्यांतले एकच निवडावे.

याचा अनुभव मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे आला. चार भागांतले हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले आणि माझ्या मते मराठीत याच्याइतके मोकळे, मायाळू आणि निर्भय गद्य फार थोडे आहे. पहिल्या वेळी मी त्याविषयी अर्धा तास बोललो: त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचे धर्मांतर, त्यानंतरचा दुरावा, लक्ष्मीबाईंचे स्वतःचे वळण, सगळे क्रमाने. कोणीही पुस्तक नेले नाही. पुढच्या खेपेस मी फक्त सुरुवातीचे त्यांच्या वडिलांचे सोवळे सांगितले, मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे सोवळे, आणि ते सांगताना लेखिका वडिलांवर न रागावता त्यांच्याकडे कशी पाहते, एवढेच दाखवले. मग मात्र पुस्तकासाठी नंबर लागले.

४. कोणत्या वयाच्या माणसाला कोणतं पुस्तक सांगावं?

वयापेक्षा, तो माणूस सध्या कशात रमला आहे हे आधी पाहावे. तरीही अंदाजासाठी आमचा अनुभव देतो.

अजून वाचता न येणाऱ्या मुलांना माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी चित्रांची पुस्तके द्यावीत, कारण त्यांतले घर, त्यातली माणसे आणि त्यांची बोलण्याची रीत मुलांना ओळखीची वाटते आणि चित्रावर बोट ठेवून मूलच आपल्याला गोष्ट सांगू लागते. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' यांतल्या कविता तर मोठ्यानेच म्हणायच्या असतात. त्या मनातल्या मनात वाचणे म्हणजे भोवरा खिशात ठेवून खेळण्यासारखे आहे.

आठ ते बारा हे वय भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, हाडकुळा, सायकलवर स्वार आणि आश्चर्य वाटले की 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा बनेश फेणे आजच्या मुलांनाही लगेच आपला वाटतो. मात्र सांगणाऱ्याला तो 'ट्टॉक्' काढता आला पाहिजे. घरी सराव करून यावे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' यांनाही याच वयात भेटावे.

तेरा ते सोळा हे वय सर्वांत नाजूक, कारण या मुलांना 'बालसाहित्य' हा शब्दही नको असतो. त्यांना मी वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) सांगतो आणि सुरुवात नेहमी एकाच प्रसंगाने करतो: गुलामांच्या चोरांनी आईसह पळवलेले एक तान्हे मूल एका घोड्याच्या बदल्यात परत मिळते आणि तेच मूल पुढे जगाला ठाऊक असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विज्ञानाची ओढ असलेल्यांना जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'तल्या कथा सांगाव्यात. या वयाच्या मुलांना 'तुला हे आवडेल' असे सांगण्यापेक्षा 'मला हे आवडले, कारण...' असे सांगितलेले अधिक रुचते.

मोठ्यांसाठी वयाचा प्रश्न उरत नाही. तेथे प्रश्न ८, ९ आणि १० पाहावेत.

५. लहान मुलाची गोष्ट असलेलं पुस्तक मोठ्यांना सांगितलं तर चालेल का? आणि उलट?

चालेलच; मात्र मूल नायक असणे आणि पुस्तक मुलांसाठी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण. त्यातला लंपन आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो आणि कानडीचा वारा लागलेल्या मराठीत, मधूनमधून 'मॅडसारखं' म्हणत, आपले जग सांगतो. दहा वर्षांच्या मुलाला त्यातली गंमत कळते. परंतु लंपन जे बोलत नाही, ते कळायला आपले बालपण मागे पडलेले असावे लागते. आमच्याकडे एका निवृत्त गृहस्थांनी या पुस्तकावर बोलायला सुरुवात केली, दुसऱ्याच वाक्याला त्यांचा गळा दाटून आला आणि ते खाली बसले. त्या बैठकीतले ते सर्वांत चांगले भाषण होते, असे मला आजही वाटते.

६. माझा मुलगा पुस्तकाला हातच लावत नाही. त्याला सांगून काही उपयोग होईल का?

'मोबाइल ठेव आणि वाच' असे सांगून काही उपयोग होणार नाही, कारण त्यामुळे पुस्तक शिक्षेच्या बाजूला जाऊन बसते. रात्री निजताना दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे, उत्कंठेच्या जागी पुस्तक मिटावे आणि ते उशाशीच ठेवून दिवा चालू ठेवून निघून जावे. बहुतेक घरांत आठवड्याभरात पान पुढे सरकलेले आढळते. पूर्ण पुस्तकाचा धीर नसेल, तर बालभारतीचे 'किशोर' मासिक घ्यावे; १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात आणि त्यातली एखादी दोन पानांची कथाही आरंभाला पुरेशी असते.

एक पथ्य मात्र पाळावे. वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलास?' हे विचारू नये. 'तुला कोण आवडलं?' असे विचारावे.

७. आम्ही परदेशात राहतो. मुलांना मराठी समजतं, पण वाचता येत नाही. मग काय?

हाच प्रश्न बेंगळुरू, दिल्ली येथूनच नव्हे, तर पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या पालकांकडूनही येतो. मुलांना भाषा समजते, हे मोठे भांडवल आहे. कानाने वाचन सुरू करावे: आजी-आजोबांनी दूरध्वनीवर रोज एक प्रकरण वाचावे, किंवा वाचलेले ध्वनिमुद्रित करून पाठवावे. एका आजोबांनी अमेरिकेतल्या नातीसाठी अख्खा 'गोट्या' असा वाचून पाठवला. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाल्याची आरोळी ऐकू येते आणि नातीला तेही पुस्तकाचाच भाग वाटते.

जोडाक्षरांची भीती असलेल्या मुलाला मोठ्या टंकातले, एका पानावर दोन-तीनच ओळी असलेले पुस्तक द्यावे, मग त्याचे वय बारा का असेना. 'हे लहान मुलांचे आहे' असे तेव्हा कोणी म्हणू नये.

८. शेवट सांगितला तर मजा जाते ना?

रहस्यकथेची जाते, तिचा शेवट मुळीच सांगू नये. इतर पुस्तकांत 'काय झाले' यापेक्षा 'कसे सांगितले' याला महत्त्व असते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाचे काय होणार, हे मराठी वाचकाला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते. तरीही ते हातातून सुटत नाही, कारण ही कथा कर्णाबरोबरच कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडून येते आणि प्रत्येकाच्या सांगण्यात कर्ण थोडा वेगळा दिसतो. येथे जपायचा तो शेवट नव्हेच. कोणत्या प्रसंगी कोण बोलू लागते, हे मात्र वाचकाला स्वतःला सापडू द्यावे.

९. 'बलुतं'सारख्या पुस्तकाबद्दल 'मला आवडलं' असं म्हणणं बरोबर वाटत नाही. मग त्याबद्दल उत्साहाने कसं बोलायचं?

हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी पुस्तक नीट वाचले आहे, असे मी मानतो. दया पवारांचे 'बलुतं' हे दलित आत्मकथन १९७८ मध्ये आले. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार, एकाच माणसाची ही दोन नावे, एकमेकांसमोर येतात आणि दगडू आपले आयुष्य बोलू लागतो. माणूस स्वतःपासून किती तुटला म्हणजे त्याला स्वतःचे आयुष्य असे दुसऱ्याकडून ऐकावे लागते, हे या रचनेतच येते. त्याविषयी भारावून बोलता येते आणि बोलावेही. टाळायचे आहे ते दुःखाचे वर्णन रंगवून ऐकणाऱ्याला हळहळायला लावणे. तसे केल्याने पुस्तकातला माणूस पुन्हा दयेचा विषय होतो.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'विषयी बोलताना मी त्या पुस्तकाच्या लिहिण्याची हकिगत सांगतो. फलटणला आपल्या लहानशा दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड, वर्षानुवर्षे वह्या लपवत त्यांनी हे लिहिले. मापे, पुड्या आणि सुतळी यांच्यामध्ये ठेवलेली ती वही डोळ्यांसमोर आणली की पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याचे वजन बदलते. 'आवडले' हा शब्द जड जात असेल, तर 'हे वाचल्यापासून माझे अमुक पाहणे बदलले' असे सांगावे आणि ते अमुक काय, हे प्रामाणिकपणे सांगावे.

१०. मी जीव टाकून सांगितलेलं पुस्तक समोरच्याला आवडलंच नाही. वाईट वाटतं. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. भालचंद्र नेमाडे यांचा 'कोसला' (१९६३) मी एका मित्राला दिला होता. चाळीस पाने वाचून त्याने तो परत आणला आणि 'काही घडतच नाही' म्हणाला. मी तासभर वाद घातला आणि त्या वादामुळे त्याने पुढची दहा वर्षे त्या पुस्तकाचे नाव ऐकले की विषय बदलला. पुस्तकासाठी मी यापेक्षा वाईट काही करू शकलो नसतो. पुढे त्याच्या घरात एक अवेळी मृत्यू झाला. काही महिन्यांनी मी त्याला 'कोसला'चा नायक पांडुरंग याची धाकटी बहीण मनी जाते ती पाने तेवढी वाचून दाखवली. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणत सगळ्या जगाला दूर ठेवणारा हा मुलगा तेथे कसा उघडा पडतो, हे त्याने ऐकले आणि पुस्तक मागून नेले.

नापसंती ऐकून घ्यावी, तिचे कारण विचारावे आणि पुस्तक पुन्हा केव्हा सांगावे, हे काळावर सोडावे.

११. मला रहस्यकथा आवडतात. बाकीचे लोक मोठमोठ्या कादंबऱ्यांवर बोलतात. मी बोललो तर हसतील का?

आमच्याकडे कोणी हसत नाही आणि इतरत्रही हसू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांसाठी वाचनालयात रांग लावणाऱ्या पिढीतल्या कितीतरी जणांना वाचनाची गोडी तेथेच लागली. जे पुस्तक आपण रात्री दोनपर्यंत जागून वाचले, त्याविषयी बोलावे. आदरापोटी निवडलेल्या, पण मनापासून न आवडलेल्या पुस्तकावर बोलताना आवाजच सांगून जातो.

१२. अर्धवट वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोललं तर चालतं का?

तसे आधीच सांगितले, तर चालते. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मात्र मुळीच बोलू नये.

१३. अनुवादित पुस्तकं 'मराठी' म्हणून सांगावीत का?

सांगावीत, आणि मूळ लेखकाबरोबर अनुवादकाचे नाव आवर्जून घ्यावे. लुइझा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन'चा अनुवाद असलेली 'चौघीजणी' मराठी घरांत रुळली, ती शांता शेळके यांच्या मराठीमुळे.

१४. जुन्या पुस्तकांत आज खटकणाऱ्या गोष्टी असतात. मुलांना सांगताना त्या गाळाव्यात का?

गाळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 'श्यामची आई'तच एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरून मोळी पडते आणि ती तिला उचलवत नाही, असा प्रसंग आहे. अस्पृश्यतेच्या त्या काळात आई श्यामला जाऊन तिला मोळी उचलून द्यायला सांगते आणि घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. पहिला भाग सांगून दुसरा गाळला, तर आई आजच्या काळातली होते आणि प्रसंगातली अडचणच नाहीशी होते. आम्ही तो पूर्ण वाचला, तेव्हा सहावीतल्या एका मुलाने विचारले, 'मदत चांगली होती, तर मग आंघोळ कशाला?' त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि तीत आजी-आजोबांनी आपल्या लहानपणीच्या विहिरी, पाणवठे आणि वेगळे ठेवलेले कप यांविषयी जे सांगितले, ते त्यांच्या नातवंडांनीही तोवर ऐकले नव्हते. अगदी लहान मुलांसाठी प्रसंग निवडावा (प्रश्न ४ पाहा). निवडलेल्या प्रसंगात मात्र काटछाट करू नये.

१५. पुस्तक बाजारात मिळत नाही. कोणाला आवडलं तर पीडीएफ पाठवू का?

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. तोवर संपूर्ण पुस्तकाची प्रत अशी वाटणे कायद्याने चूक आहे आणि मराठी पुस्तकांच्या लहान आवृत्त्या पाहता लेखक-प्रकाशकांच्या पोटावर येणारेही आहे. सानेगुरुजींचे निधन १९५० मध्ये आणि लक्ष्मीबाई टिळकांचे १९३६ मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन आता सर्वांसाठी खुले आहे आणि ते निर्धास्तपणे पाठवावे. इतर पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालय, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि परिचितांची कपाटे यांचा शोध घ्यावा. सुटीत शक्य असल्यास मुलांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या भिलारला जावे. पाचगणी-महाबळेश्वर परिसरातले स्ट्रॉबेरीचे हे गाव मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झाले असून तेथे लोकांच्या घरांत मांडलेली पुस्तके कोणालाही बसून वाचता येतात.

१६. उत्साहाने सांगितलं की लोक आपलीच प्रत मागतात आणि परत देत नाहीत. काय करावं?

एक वही ठेवावी. तीत पुस्तक, नेणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढेच लिहावे आणि ते नेणाऱ्याच्याच हाताने लिहून घ्यावे. स्वतः लिहिलेले माणूस विसरत नाही. माझी दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ची, समासांत आईच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत ही वही सुरू करण्यापूर्वी गेली, ती आली नाही. खुणा असलेली प्रत देऊ नये; तिच्यातले पान वाचून दाखवावे आणि द्यायला दुसरी प्रत ठेवावी.

१७. आईला आता दिसत नाही आणि ती बैठकीलाही येऊ शकत नाही. तिच्यासाठी काही करता येईल का?

दोन गोष्टी करता येतील. बोलक्या पुस्तकांची सोय असेल, तर ती द्यावी. ती नसेल, किंवा यंत्रातला आवाज त्यांना परका वाटत असेल, तर घरातल्या मुलाने रोज वाचून दाखवावे. त्यात मुलाचे वाचनही सुधारते (प्रश्न ६ आणि ७ पाहा). मात्र फक्त ऐकवू नये, त्यांनाही सांगू द्यावे. आमच्या ओसरीवर येणाऱ्या ज्येष्ठ आजींची नजर गेली आहे. त्या आपल्या पाळीला 'स्मृतिचित्रे' मांडीवर घेतात, न उघडताच हाताने मुखपृष्ठ पुसतात आणि वडिलांच्या सोवळ्याचा तो प्रसंग तोंडपाठ सांगतात. मध्ये कोठे अडल्या, तर शेजारी बसलेली चौथीतली मुलगी पुस्तक उघडून पुढची ओळ वाचते. आपल्या आईला बैठकीला आणणे शक्य नसेल, तर कळवावे. महिन्यातून एकदा आम्ही दोघे-तिघे घरी येऊ आणि येताना कोणते पुस्तक आणायचे, हे त्यांनाच विचारून ठेवावे.